दुसरी माफी

गुलाबताईंना विनोद कळत नाही, असं आमच्या गावठाणातल्या पुरुषांचं पक्कं मत होतं. एकदा डेअरीवर मी त्यांच्यासोबत उभी होते. दहीवाल्याशेजारी बसलेल्या एकानं त्यांच्या बोलेरोकडे बघून म्हटलं, "ताई, तुमी गाडी काढली का आमी गल्लीतली पोरं आत घेतो." चारपाच जण हसले. गुलाबताईंनी चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं, "समजला नाय. कनाला घेता?"

"नाय, म्हन्जे... बाई गाडी चालवते म्हनून."

"बाई चालवते म्हनून काय होता?"

"काय नाय ताई, गंमत केली."

"गंमत हाय कं? मंग परत सांग, नीट. मी पन हसते."

त्या माणसानं खरंच परत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुलाबताईंनी अर्धा किलो दही घेतलं, सुटे पैसे मोजून दिले आणि गाडी काढली. त्यानंतर तो माणूस त्यांच्यासमोर फक्त हवापाण्याबद्दल बोलायचा.

मी सांगलीकडची. महापेच्या एका कंपनीत हिशेबाचं काम लागलं म्हणून नवी मुंबईत आले, तेव्हा तिशी उलटली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधून एजंट मला फिरवत होता आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटवर तेच उत्तर मिळत होतं, "सिंगल लेडीज अलाऊड नाही." शेवटी कंटाळून त्यानं मला सेक्टरांच्या मधोमध राहिलेल्या जुन्या आगरी गावात आणलं. तिथे गुलाबताईंची चार मजली इमारत होती. वडिलांचं कौलारू घर पाडून त्यांनी ती स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. तळमजल्यावर त्या, वर भाडेकरू.

दारात पन्नाशीच्या, ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या बाई उभ्या. गुडघ्याच्या थोडी खाली येईल अशी वर खोचलेली सुती साडी आणि पायात पुरुषांचे स्पोर्ट्स शूज. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मासलीचा वास चालतो?"

"चालेल."

"एकटी हायस?"

"हो," मी म्हणाले. आता पुढचं वाक्य काय येणार ते मला पाठ झालेलं होतं.

"मी पन," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्या किल्लीवर मी आठ वर्षं राहिले. गुलाबताईंचं लग्न पनवेलकडच्या एका गावात झालं होतं आणि दोन वर्षांत त्या परत आल्या होत्या, एवढं मला कळलं. का आल्या ते गावात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचा अंदाज मात्र तयार असायचा. गुलाबताई त्यातला एकही खोडून काढायच्या नाहीत. "लोकांना काम नसला का ती माजा संसार करतात," असं म्हणून आपल्या उद्योगाला लागायच्या. उद्योग पुष्कळ होते. गावाला पाण्याची नवी लाइन आली ती त्यांनी बायकांना घेऊन पालिकेच्या दारात बसल्यावर. मासळी विकणाऱ्या बायकांना सेक्टरातून हुसकावलं जायचं, त्यांना ओटे मिळाले तेही यांच्यामुळे. पक्षाच्या सभेला बायका आणायच्या असल्या की सगळ्यांना गुलाबताई आठवायच्या. स्टेजवर खुर्च्या मांडताना मात्र कुणाला आठवायच्या नाहीत.

मागच्या पालिका निवडणुकीत त्यांनी तिकीट मागितलं, तेव्हा पक्षाचा प्रचारप्रमुख नरेशभाऊ घरी आला. पोरगेलासा, गोड बोलणारा, दोन फोन हातात घेऊन फिरणारा. मी जिन्यावरून उतरत होते, ताईंनी मलाही बसवून घेतलं.

"ताई, वॉर्ड महिला राखीव झाला की तुम्हीच. शब्द देतो," नरेशभाऊ म्हणाला. "पण यावेळी ओपन आहे ना."

"ओपन म्हन्जे काय?"

"ओपन म्हणजे सगळ्यांसाठी."

"मंग मी सगल्यांत नाय?"

नरेशभाऊ हसला, पण ताई हसल्या नाहीत. गावातली एकगठ्ठा मतं त्यांच्या शब्दावर फिरतात हे पक्षाला माहीत होतं, म्हणून तिकीट मिळालं.

समोर उभे होते आप्पासाहेब. ते माझ्याच मुलखातले, देशावरचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं मोठं गोदाम होतं आणि सेक्टरात दोन फ्लॅट जोडून केलेलं घर. उंच, पांढरा सफारी, भाषण करायला लागले की आवाजानं मैदान भरून टाकायचे. संक्रांतीला त्यांच्या घरून मला आवर्जून तिळगूळ यायचा, "आपल्याकडच्या आहात" म्हणून. त्यांची सेक्टरातल्या मैदानावर मोठी सभा झाली. कामावरून येताना मी गर्दीच्या कडेला उभी राहिले. भाषण रंगात आलं होतं. आप्पासाहेब म्हणाले, "गाववाल्यांचं काय घेऊन बसलात? आगऱ्याला रात्री बाटली दाखवा, सकाळी बोकड दाखवा, मत आपलं!" थोडे लोक हसले, थोडे चपापले. मग लगेच ते म्हणाले, "आणि उमेदवार कोण, तर या बाई! जिला एक नवरा सांभाळता आला नाही, ती म्हणे वॉर्ड सांभाळणार!"

या वाक्याला मात्र सगळं मैदान हसलं. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या शेजारी गावातली दोन पोरं कान देऊन उभी होती. पहिल्या वाक्याला त्यांच्या मुठी आवळलेल्या मी पाहिल्या होत्या. दुसऱ्याला तीही हसली.

सकाळी उठले तर गाव पेटलेलं. भाषणाचा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचला होता. मी तो पाहिला आणि पुन्हा लावून पाहिला. तो बोकडापाशी संपत होता. ज्या कुणी तो कापला होता, त्यानं दुसरं वाक्य बाहेर ठेवलं होतं, कारण त्यात समाजाचं काही नव्हतं. दुकानं बंद झाली, चौकात आप्पासाहेबांचा पुतळा जाळला गेला. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी "समाजाचा अपमान सहन करणार नाही" म्हणून निवेदनं काढली, आप्पासाहेबांच्या स्वतःच्या पक्षानंसुद्धा. संध्याकाळ व्हायच्या आत आप्पासाहेब गावदेवीच्या देवळात हात जोडून उभे होते.

गावकीचे वयोवृद्ध पुढारी धर्मादादा मधोमध बसले होते. देवळाबाहेरही माणूस मावत नव्हता. आप्पासाहेबांनी माइक घेतला. आगरी समाज म्हणजे या भूमीचा मूळ मालक, आपली जीभ घसरली, आपण बिनशर्त माफी मागतो, असं ते बोलले, आणि बरं बोलले. टाळ्या झाल्या. धर्मादादांनी नारळ मागवला. आप्पासाहेबांनी तो गावच्या उमेदवार म्हणून गुलाबताईंच्या हातात द्यायचा आणि विषय मिटवायचा, असं ठरलेलं दिसत होतं. ताईंनी नारळ घेतला.

"यो जाला एक," त्या म्हणाल्या. "दुसरा?"

"दुसरं काय, ताई?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"त्याच भाषनात. बोकडाच्या पुढचा वाक्य."

देवळात कुजबुज सुरू झाली. धर्मादादा पुढे वाकून हळूच म्हणाले, "गुलाब, तो गावाचा विषय नाय. तो तुज्या घरचा."

"पयला गावाचा, दुसरा घरचा. मंग दादा, मी गावात मोडते कं नाय, त्ये एकदा ठरवून टाका."

आप्पासाहेब हसले. अगदी समजूतदार हसले. "ताई, ती राजकीय टीका होती. इलेक्शनमध्ये एवढं चालायचंच."

कुणीतरी बोलेल म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. सकाळी पुतळा जाळणारी पोरं आपापल्या मोबाइलमध्ये बघत होती. गुलाबताईंनी नारळ पुन्हा ताटात ठेवला, वाट काढत बाहेर आल्या, शूज घातले आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी नरेशभाऊ आला, तेव्हा मी ताईंच्या घरी प्रचाराच्या खर्चाचा हिशेब लिहीत बसले होते. त्याचं म्हणणं सरळ होतं. पहिल्या वाक्यानं सगळं गाव आपल्या बाजूला आलंय, ते तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या वाक्याचा विषय काढला तर लोक नवऱ्याबद्दल बोलायला लागतील आणि आपलंच नुकसान होईल. मग त्यानं दुसरा रस्ता काढला.

"किंवा काढायचाच असेल तर नीट काढू. सहानुभूती. तो प्यायचा, मारायचा, तुम्ही सहन केलं, मग निघालात. एक पत्रक टाकू. मॅडमचं मराठी चांगलं आहे, त्या लिहितील. बायका रडतील, ताई. मतं फिक्स."

दोघंही माझ्याकडे पाहत होते. माझ्या हातात पेन होतं.

"आनि मारत नसला तं?" गुलाबताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मारत नसला, पीत नसला, देवमानूस असला, आनि मी तरी निंगून आले असंन. मंग आप्पा बोल्ला त्ये बरोबर?"

"तसं नाही ताई, पण लोकांना कारण लागतं."

"तुला कोनी इचारला कं, तू बायको कनाला ठेवलीस? त्याचा पत्रक काढलास? मार खाल्लेली बाई तुमाला चालते. मार न खाता निंगालेली चालत नाय. मी त्या दोगींतली कुठली हाय त्ये मी कोनाला सांगनार नाय."

नरेशभाऊ फोन आल्याचं निमित्त करून उठला. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कारण जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं एका छताखाली राहून ते सहज विचारता आलं असतं. त्या संध्याकाळपासून मात्र मला ते नकोसं झालं. आजही मला माहीत नाही.

मग गुलाबताईंनी पक्षाला न विचारता आपली पद्धत सुरू केली. प्रत्येक कोपरा सभेत पाणी, गटार, ओटे हे सगळं बोलून झालं की त्या म्हणायच्या, "आप्पासाहेब माज्याबद्दल दोन गोष्टी बोल्ले. एक मी आगरी म्हनून बोल्ले. ती आयकून तुमी दुकाना बंद केली, तिची माफी मिलाली. दुसरी मी बाई म्हनून बोल्ले. ती आयकून तुमी हसलात. तिची माफी मी अजून मागते." एवढं बोलून खाली बसायच्या. सभेत मोठी पंचाईत व्हायची. पुरुष चुळबुळ करायचे. बायका जमिनीकडे बघायच्या. सेक्टरातल्या एका बंगाली बाईंनी सभा झाल्यावर ताईंचा हात धरला, घट्ट दाबला आणि निघून गेल्या. आमच्याच गल्लीतली एक काकू म्हणाली, "गुलाब, झाकली मूठ ठेवायची गो." ताई म्हणाल्या, "मूठ माजी हाय, काकू. उगडनार कवा त्ये मी बघंन. त्यानी कनाला उगडायची?"

प्रचार संपत आला तेव्हा तलावाजवळ आमची शेवटची मोठी सभा होती. गर्दी चांगली होती. ताईंच्या आधी पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता बोलायला उभा राहिला. आवेशाच्या भरात तो आप्पासाहेबांच्या मुलीवर आला. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं होतं, ते सगळ्या कोपरखैरण्याला माहीत होतं. तो ओरडला, "ज्याला सोताची पोरगी घरात ठेवता आली नाय, तो आमाला शिकवनार कं?"

हशा उसळला. शिट्ट्या झाल्या. नरेशभाऊ स्टेजच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. जशास तसं झालं होतं, आणि गर्दीला ते आवडलं होतं. गुलाबताई खुर्चीवरून उठल्या, त्या पोराजवळ गेल्या आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

"खाली बस," त्या त्याला म्हणाल्या. मग समोर वळल्या. "आता जो हसला, त्यानी मला मत नको देऊ. त्या पोरीनी तुमचा काय घेतला? तिनी लगीन केला. तिच्या बापाशी माजा भांडन हाय, तिच्याशी नाय. आमच्या स्टेजवरून तिचा नाव निंगाला, म्हनून मी गुलाब, तिची माफी मागते."

कुणीही टाळी वाजवली नाही. नरेशभाऊनं डोक्याला हात लावला. त्यानंतर ताईंनी गटाराबद्दल सगळं भाषण केलं, नेहमीसारखं मुद्देसूद. पण गर्दी पातळ होत गेली ती होत गेलीच. घरी येताना बोलेरोत त्या, मी आणि मागे सभेच्या रचून ठेवलेल्या खुर्च्या. मी विचारलं, "ताई, वाईट वाटलं का?"

"राग आला. माज्याच मानसांचा जास्त आला." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या दारातला केर आपल्याला पटकन दिसतो गो."

गुलाबताई पडल्या. फार मतांनी नाही, पण पडल्या. गावातल्या पोरांनी मनापासून काम केलं नाही, असं नंतर कळलं. निकालाच्या दिवशी नरेशभाऊ घरी आला आणि न राहवून म्हणाला, "ताई, ते एक वाक्य सोडून दिलं असतं तर आज नगरसेविका असता."

"मी नसते," गुलाबताई म्हणाल्या. "माज्यासारखी दिसनारी कोनतरी असती. चा घेशील?"

मला वाटलं, आता हा विषय संपला. पण पुढच्याच सोमवारी सकाळी त्या तयार होऊन निघाल्या. विचारलं तर म्हणाल्या, "नगरसेवकाकडे. तो आता माजा बी हाय ना?"

आप्पासाहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकल्या जायच्या. गुलाबताई रांगेत बसल्या. नंबर आल्यावर गावातल्या एका तुंबलेल्या गटाराचं काम सांगितलं, आणि उठताना म्हणाल्या, "आनि ती दुसरी माफी राह्यलीय." पुढच्या सोमवारी दिवाबत्तीचं काम, आणि उठताना तेच. आवाज न चढवता, भांडण न करता. हे दर सोमवारी चालू झालं. आप्पासाहेब त्यांची कामं झपाट्यानं करायला लागले, एवढी की गावातले लोक आपापल्या तक्रारी ताईंबरोबर पाठवू लागले. ताई त्या सगळ्या मांडायच्या आणि शेवटी आपली मांडायच्या. कधी आप्पासाहेब आधीच बाहेर पडलेले असायचे. तेव्हा ताई मंगळवारी जायच्या.

दरम्यान माझं लग्न ठरलं, करंजाड्याला फ्लॅट घेतला. जायच्या आधीच्या सोमवारी मी रजेवर होते, म्हणून ताईंबरोबर गेले. कार्यालयात गर्दी होती. पाण्याला जोर नाही म्हणून सेक्टरातले बरेच लोक बाकड्यांवर बसले होते. आमचा नंबर आला. ताईंनी कामं सांगितली. शेवटचं वाक्य त्या बोलणार तोच आप्पासाहेब स्वतः उठले आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"बसा ताई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "त्या सभेत तुम्ही माझ्या मुलीसाठी जे बोललात ते मला कळलं होतं. मी विसरलेलो नाही. तिच्या आईनं तर... असो. तुमच्याबद्दल मी ते बोलायला नको होतं. चुकलं माझं. आपल्या तिघांत सांगतो."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मिळाली, असं वाटलं. गुलाबताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आप्पासाहेब, बोललात त्ये माइकवर," त्या म्हणाल्या. "माफी दार लावून?"

त्या उठल्या आणि दार सताड उघडलं. बाहेर बसलेल्या सगळ्यांना हात केला. "या, या, समदी आत या. साहेबांना काय तरी सांगायचा हाय."

लोक आत आले. जे मावले नाहीत ते दारात उभे राहिले. आप्पासाहेब टेबलामागे उभे होते. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. तोंड उघडलं. मला वाटलं, बोलतील. खरंच, क्षणभर वाटलं. पाण्याचा ग्लास उचलून त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "पाण्याच्या प्रेशरचं मी इंजिनिअरशी बोललोय. या आठवड्यात काम होईल."

लोक खूश झाले. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"पानी आला तं चांगलाच जाला," गुलाबताई म्हणाल्या. "बाकीच्यासाठी मी पुढच्या सोमवारी येते."

आम्ही बाहेर आलो. बाकड्यावर सेक्टरातली एक तरुण मुलगी मांडीवर हेल्मेट घेऊन अजून बसलेली होती. तिनं सहज विचारलं, "बाकी काय राहिलंय, काकू?"

गुलाबताईंनी मला थांबायची खूण केली. त्या तिच्या शेजारी बाकड्यावर बसल्या, पदर नीट केला आणि आत केबिनमध्ये स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.